झाडाला बांधलेली नळी

ज्याला हसायचं असेल त्याने आधीच हसून घ्यावं. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, आणि दारूला मी त्या अख्ख्या वर्षात शिवलो नव्हतो.

एप्रिल २०११. गयानातली कुयुनी नदी. दुपारचे अडीच, डोक्यावर रणरणतं ऊन.

तराफा आम्हा दोघा भावांचा. मी ऑरिन, इंजिन माझ्याकडे. थोरला क्लॅव्हिस पाणबुड्या. एकाच डिझेल इंजिनावर दोन कामं चालायची. पंप तळातली सोन्याची वाळू वर खेचायचा आणि कॉम्प्रेसर खालच्या माणसाला नळीतून हवा द्यायचा. नळीचं टोक तोंडात धरून क्लॅव्हिस तीस फूट खाली, मिट्ट काळोखात काम करायचा.

इंजिन बंद, तर श्वास बंद.

आदल्या दिवशी आमची हवेची नळी फुटली होती. पाऊस तोंडावर आलेला. नदी चढली की हंगाम संपला.

आता माझी चूक सांगतो.

पाणबुड्या बुडून मेला की आमच्याकडे त्याची नळी काठावरच्या झाडाला बांधतात, लाल चिंधी लावून. तिला कुणी हात लावत नाही. नदीच्या वळणावर अशी एक होती, जवळजवळ नवी. सकाळीच जाऊन मी ती सोडून आणली. क्लॅव्हिसला म्हटलं, खालच्या दुकानातून आणली.

"इतक्या सकाळी दुकान उघडं?" तो म्हणाला. "बायकोने हाकललं वाटतं दुकानदाराला घराबाहेर."

मी हसलो. नळी कॉम्प्रेसरला जोडून टाकली.

अर्धा तास सगळं ठीक चाललं.

मग इंजिनाचा आवाज बदलला. ओझं वाढल्यासारखा, जड.

पट्टा पाहिला. घट्ट होता. डिझेल होतं. नळी कुठे गळत नव्हती. तरी हवेच्या टाकीचा काटा खाली येत होता. एका माणसाला पुरून उरेल एवढी हवा... कुठे जात होती?

स्वयंपाक करणाऱ्या यूलाली मावशी मागे रोट्या भाजत होत्या. त्यांचा हात थांबला.

"ऑरिन, खाली दोघं गेलेत का रे?"

"नाही मावशी. एकटा क्लॅव्हिस."

त्यांनी पाण्याकडे बोट केलं.

बुडबुडे... दोन ठिकाणी येत होते.

इथे दोन. मग थांबले. हातभर पलीकडे दोन. परत इथे.

क्लॅव्हिसच्या कमरेला बांधलेल्या दोराला मी हिसका दिला. म्हणजे, ठीक आहेस ना?

खालून एक हिसका आला. ठीक आहे.

आणि लगेच... आणखी एक. हलका.

काटा तळाला टेकत आला होता. मावशी धावल्या. दोघांनी मिळून दोर ओढला. क्लॅव्हिस वर आला तो ओठ निळे पडलेले, तोंडात नळी नाही. तराफ्यावर पडून तो खोकत राहिला.

मग माझ्यावरच चिडला.

"वर का ओढलंस? आता त्याचा नंबर होता."

"कुणाची?"

"खाली आहे त्याची. अंधारात हात लागला, बर्फासारखा. नळी मागत होता. दोन श्वास तो, दोन मी. बिचारा हिसकावत नव्हता रे. दर वेळी परत देत होता."

"मग नळी कुठाय?"

"त्याच्याकडे."

मी वळून पाहिलं. बुडबुडे येत होते. आता एकाच ठिकाणी... भराभर. आणि ते तराफ्याच्या दिशेने सरकत होते.

नळी ताणली गेली. कुणीतरी तिला धरून वर येत होतं.

मी इंजिन बंद केलं.

इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती, त्यानंतरही नाही. बुडबुडे हळू झाले. एक आला. बऱ्याच वेळाने आणखी एक. मग पाणी सपाट झालं.

क्लॅव्हिस इंजिनाकडे झेपावला. मावशींनी त्याला कवेत धरून ठेवलं. तो लहान मुलासारखा रडत होता. "माणूस खाली आहे, ऑरिन. चालू कर. माणूस खाली आहे."

मी केलं नाही.

नळी ओढली तर हलकीच वर आली. ती मी त्याच संध्याकाळी झाडाला परत बांधली आणि क्लॅव्हिसला सगळं कबूल केलं. खोटं बोललो, मेलेल्याची नळी त्याच्या तोंडात दिली, याबद्दल तो मला चकार शब्द बोलला नाही.

पण आता तो दुसऱ्यांच्या तराफ्यावर बुड्या मारतो. मी इंजिनावर असेन तिथे पाण्यात उतरत नाही.

गेल्या नाताळात मी त्याला म्हटलं, "अरे, तो जिवंत नव्हता."

त्याने ताटातून मान वर केली नाही.

"मग श्वास कोण घेत होतं?"