दादाच्या मशीनमधला कंडेन्सर

"बंद मशीनमध्ये हात घालण्याआधी दादाने कंडेन्सर रिकामा का केला नाही?" धाकट्याने हे दुकानमालकाला विचारलं, डॉक्टरला विचारलं, मयताला आलेल्या प्रत्येकाला विचारलं. 

बसा नीट, पोरांनो. हा धाकटा माझ्या शेजारचाच. चौथीत शाळा सोडलेला, डोक्याने तापट, पण दादावर जीव. दादा एका दुकानात रेडिओ दुरुस्त करायचा. मशीन बंद केलं तरी कंडेन्सर वीज धरून बसतो. पेचकसाने त्याची दोन टोकं जोडून ठिणगी काढल्याशिवाय हात घालायचा नाही, हे त्यानेच धाकट्याला शिकवलेलं. आणि तोच एका जुन्या ॲम्प्लिफायरला चिकटून गेला.

फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. आईचा जुना रेडिओ घरघरायला लागला होता, आणि त्याच्याशिवाय तिला झोप नाही. तसला कंडेन्सर बाजारात मिळेना. धाकट्याने सरळ दादाच्या त्या ॲम्प्लिफायरमधलाच काढून आणला.

"भावजी, तो घरात नको," वहिनी म्हणाली.

"वहिनी, पत्र्याच्या डबीला काय कळतंय कोण मेलं ते?"

जोडला. रेडिओ खणखणीत वाजला. आई कितीतरी दिवसांनी हसली. झोपताना त्याने प्लग काढला. मागचं झाकण सकाळी लावू म्हणाला.

मध्यरात्र उलटल्यावर त्याला जाग आली. रेडिओ बोलत होता.

"आई..."

दादाचा आवाज.

"आई, मागून हात दे. निघता येत नाही गं."

प्लग जमिनीवर पडलेला. तरी आत लाल उजेड.

"आले रे राजा..." आई अंधारात चाचपडत रेडिओपाशी पोचली होती.

धाकट्याने पेचकस आणि पक्कड उचलली. आईला ढकललं. ती भिंतीवर आपटली, आणि तिथूनच किंचाळली, "मला बोलावलंय त्याने! तुला नाही, मेल्या!"

त्याने पेचकस टेकवला. ठिणगी उडाली. रिकामा झाला.

मग त्याने डावा हात घातला.

आतून... कुणीतरी धरला.

"दादा... सोड..."

"तू नको होतास," आवाज शांतपणे म्हणाला. "थांब. तुझ्या वहिनीला हाक मारतो."

...

सकाळी आम्हीच त्याला बाजूला केलं. डाव्या मनगटावर पाच बोटांचे काळे वळ. त्या खोक्यात दुसरी मूठ मावत नाही, मी स्वतः घालून पाहिली. उजव्या हातात पक्कड घट्ट आवळलेली होती. जाता जाता त्याने स्पीकरच्या दोन्ही तारा तोडल्या होत्या.