कडीची मोटर

दुरुस्तीच्या कामाला निघताना मी भूतबीत डोक्यात घेऊन जात नाही. त्या दिवशीही पिशवीत मल्टिमीटर, पक्कड आणि मोटर चालवणारी एक नवी ड्रायव्हर पाटी टाकली आणि भर दुपारी खटपट्याच्या घरी गेलो. खटपट्या म्हणजे माझा मित्र. पोटासाठी हिशेबनीस, पण जीव सगळा सोल्डरिंगच्या धुरात. त्याला जाऊन महिना होत आला होता.

घरामागच्या आपल्या खोलीच्या दाराला त्याने बाहेरून मोटरवर चालणारी कडी बसवली होती. आटे पाडलेला लांब दांडा, त्यावर सरकणारी कडी, आणि दांडा टप्प्याटप्प्याने फिरवणारी स्टेपर मोटर. बटण खोलीत होतं. सर्किट मात्र धुळीत नको म्हणून दाराबाहेर, भिंतीवरच्या डब्यात. "अरे, कडी लावायला देवाने हात दिलेत," असं मी त्याला चिडवायचो. तो हसायचा आणि पुन्हा बटण दाबून दाखवायचा.

त्या दिवशी तो आत एका पेटीला व्हार्निश लावत होता. ओल्या व्हार्निशवर धूळ बसू नये म्हणून कडी लावून दार बंद होतं, खिडकी त्या खोलीला नव्हतीच. थिनरच्या वाफेने जीव गुदमरला तेव्हा त्याने बटण दाबलं असणार. कडी उघडली नाही. दांडा हाताने फिरवता येतो हे जमलेल्यांना ठाऊक नव्हतं; शेवटी बिजागऱ्या काढून त्याला बाहेर आणावं लागलं. आपल्याच यंत्राने मेला, असं लोक म्हणाले. सगळ्यात मोठ्याने म्हणाला तो त्याचा धाकटा भाऊ. तो त्याच घरात राहायचा, आणि त्या दिवशी घरी दुसरं कुणी नव्हतं.

"भाऊजी, एवढंच बघून सांगा," वहिनी मला दाराशी नेऊन म्हणाल्या. "पोर रोज विचारते, बाबांचं काय चुकलं? मी काय सांगू तिला?"

दार पुन्हा जागेवर बसवलेलं होतं. खोली धुऊन रिकामी केलेली, फरशी कोरडी ठाक. तरी आतून थिनरचा वास येत होता. तोही जुना, विरलेला नव्हे. नुकतंच झाकण उघडल्यासारखा घशात जाऊन बसणारा.

मी डबा उघडला. ड्रायव्हर जळून गेला होता. मोटरच्या चार तारा असतात, दोन-दोनच्या जोड्या. इथे जोड्या फोडून भलतीच तार भलत्याच जागी खोचलेली होती. अशाने मोटर नुसती गुरगुरते, फिरत नाही.

मग लक्षात आलं. तारा आधीच चुकल्या असत्या तर कडी लागलीच नसती. ती लागली होती. म्हणजे खटपट्या आत असताना कुणीतरी बाहेरून तारा उपसल्या, आणि नंतर घाईघाईत जमतील तशा खोचल्या. चालू मोटरची तार ओढली की ड्रायव्हर जळतो. ज्याने या छंदाला हात घातलाय त्याला हे ठाऊक असतं, कारण प्रत्येकाने अशी एक तरी पाटी जाळलेली असते. खटपट्या तर आधी प्लग काढून खिशात ठेवायचा आणि मगच तारेला हात लावायचा.

"वहिनी," मी हळूच म्हणालो, "त्याचं काहीच चुकलं नव्हतं. तारा कुणीतरी ओढल्यात."

त्या माझ्या मागे बघत होत्या. धाकटा तिथे येऊन उभा होता.

"बिजागऱ्या काढताना लागला असेल कुणाचा धक्का," तो म्हणाला. कुणी त्याला विचारलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

मी पुन्हा डब्याकडे वळलो. प्लग काढून वहिनींच्या हातात दिला. नवी पाटी बसवली, तारांच्या जोड्या नीट लावल्या.

"आतलं बटणच खराब असणार. थांबा, दाखवतो," म्हणत धाकटा खोलीत शिरला.

त्याच्या मागे दार हळूच लागलं. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. मग मोटर वाजायला लागली... तो बारीक, चढत जाणारा सूर. कडी सावकाश सरकली आणि खोबणीत जाऊन बसली.

मी वळून पाहिलं. प्लग वहिनींच्या मुठीतच होता.

"चेष्टा पुरे," आतून धाकटा हसला. मग खोकला. "कोण ओततंय हे... थिनर कोण ओततंय?"

मी दांडा दोन्ही हातांनी फिरवून पाहिला. वीज नसताना तो सहज फिरायला हवा. तसूभर हलला नाही. दुसऱ्या टोकाला कुणी धरून ठेवावा तसा. धाकटा दारावर धडका देत होता.

"दादा... दादा, उघड! तू ही खोली देत नव्हतास... थोडा वेळ कोंडायचं होतं फक्त, तुझी जिरवायची होती... हाका ऐकल्या मी तुझ्या... नाही आलो... दादा..."

"वहिनी, प्लग द्या! लावून बघतो!"

"राहू द्या, भाऊजी."

"मरेल तो!"

"ह्यांनी किती हाका मारल्या असतील हो?" त्यांचा आवाज अगदी शांत होता. मला त्या आवाजाची भीती वाटली, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मीही प्लगसाठी पुन्हा हात पुढे केला नाही.

आत काहीतरी धप्पकन पडलं. धडका थांबल्या.

वहिनी पुढे झाल्या आणि दाराला तळहात टेकवून, नवऱ्याशी रोज बोलावं तशा बोलल्या, "पुरे आता. पोर शाळेतून यायची वेळ झाली."

मोटर उलटी फिरली. कडी उघडली.

धाकटा वाचला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, छातीत थिनरची वाफ भरली होती. खोलीत थेंबही नव्हता. शुद्धीवर येताच त्याने स्वतःहून पोलिसांना सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी वहिनींनी पोरीला जवळ घेऊन सांगितलं, "बाबांचं काही चुकलं नव्हतं." दोघी रडल्या. मलाही राहवलं नाही.

निघताना मी विचारलं, "ती मोटर काढून टाकू का, वहिनी?"

"नको. तिथेच असू दे," त्या म्हणाल्या. "धाकटे भाऊजी कधीतरी सुटून घरी येतीलच की."

मोटर मी मघाशीच काढली होती, हे सांगायला माझी जीभ रेटेना. ती माझ्या पिशवीत होती, चारही तारा कापलेली. मी चपला घालत होतो, तेवढ्यात मागच्या खोलीकडून तो बारीक सूर आला... आणि कडी सरकून लागली.