हौदावर हरवलेली घडी

आष्टीच्या वाटेवरची काळी मशीद बघायची हरिभाऊंची कित्येक वर्षांची हौस त्या रविवारी फळाला आली. तीन घुमट, काळ्या दगडाच्या कमानी, मान दुखेपर्यंत वर बघावं असे मिनार. पण बघणार कसलं? आत हौदापाशी कल्ला चालला होता.

सोबत त्यांची भाची जया होती. ती वर्ध्यात खासगी तपासाची कामं करते. हरिभाऊ मदतीला असतात. डोकं घरी ठेवून येतात, असं तीच लाडानं सांगते.

कल्ला करत होत्या शकुंतलाबाई, नालवाडीच्या निवृत्त शिक्षिका. गेलेल्या नवऱ्याची मनगटी घडी त्या रोज हातात घालत, तीच हरवली होती. मशीद सांभाळणाऱ्या हबीबचाचांवर त्यांनी सगळ्या लोकांदेखत आळ घेतला होता.

चाचांचा चेहरा उतरला होता. "झडती घ्या, बाई. पन उद्यापासून मी इथं येनार नाई. तीस वर्षांत असं कोनी बोललं नव्हतं."

"चाचा, मले पाच मिनिटं द्या," जया म्हणाली. "बाई, घडी कुठं काढली?"

"हौदावर, हात धुतांना. सुनेजवळ देली असं मले वाटते. पन सून नाई म्हनते. मंग इथंच राह्यली असन. इथं हे चाचाच होते!"

"मी दाराशी लोकांचे जोडे पाहून राह्यलो होतो," चाचा म्हणाले. "हौदाकडे गेलोच नाई. मंग या सूनबाईनं डोक्यावर घ्याले काही मागतलं, तं ओढनी देली."

सून इला सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेली. डोक्यावर ती रंग उडालेली ओढणी. तिनं पिशवी पुन्हा उपडी केली. डबा, पाण्याची बाटली, नवी जाड लोकरी शाल. हरिभाऊंनी पिशवीचे कोपरेसुद्धा चाचपले.

"शाल असताना ओढणी मागितलीस?" जयानं विचारलं.

इलाचा आवाज बारीक झाला. "शाल आईंची आहे. हौदावर हातात देतानाच म्हणाल्या, घडी मोडू नको. घड्याळ त्यांनी दिलंच नाही."

जया हसली. "मामा, नव्या कपड्याची घडी मोडायची म्हणजे?"

"पहिल्यांदा अंगावर घ्यायचा."

"आणि आपल्या वर्ध्यात हातातली घडी मोडली तर?"

"तर दुरुस्तीला—" हरिभाऊंचं तोंड उघडंच राहिलं.

"बाईंनी शाल आणि घडी एकदमच दिली. घडी शालीच्या पदरांत सरकली. बाई म्हणत होत्या घड्याळ जप, हिनं ऐकलं शाल उलगडू नको. म्हणून हिनं परकी ओढणी मागितली, पिशवी उपडी केली, पण शालीला हात लावला नाही. सासूचा शब्द इतका पाळणारी सून मी तरी पाहिली नाही! उलगडा, मामा."

हरिभाऊंनी शाल झटकली. घडी त्यांच्या पायाशी पडली. चालू होती.

शकुंतलाबाईंनी खाली बसून घडी उचलली. "मले वाटलं, मी विसराले लागली. त्याच भेवानं चाचाचं नाव घेतलं." इलानं त्यांचा हात धरला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच तिला या बाईबद्दल माया वाटली.

बाई उठल्या. लोक पांगायला लागले होते. त्यांनी शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा वर्गातला आवाज लावला.

"थांबा सारे! घडी आमच्याच जवळ होती. या मानसावर म्या खोटा आळ घेतला. चूक माही हाय, तुमी सारे ऐका!"

मग त्यांनी चाचांपुढे हात जोडले. चाचांनी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. मग ते वळले.

"सूनबाईनं मिनार आतून पाह्यला का?" त्यांनी विचारलं. "चला, दाखवतो. पायऱ्या उंच आहे, बाई, जपून येजा."