पासवर चार नावं

पांढुर्णा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात गुणवंता सोमकुवर यांची सगळी नोकरी संत्र्याच्या पेट्या मोजण्यात गेली. हंगामात फलाटावर पेट्यांची अशी चळत लागायची की चालायला वाट उरत नसे, आणि गुणवंता कानावर पेन्सिल अडकवून त्यातून फिरत राहायचे. एक पेटी कमी भरली की सगळ्या पुन्हा मोजायच्या. घरी आले तरी ही खोड सुटत नसे. त्यांची लेक प्रेमलता म्हणायची, बाबा झोपेतही मोजतात, फक्त आवाज करत नाहीत.

या मोजणाऱ्या माणसाला फिरण्याचं मात्र भारी वेड. क्वार्टरमधली बाकीची मंडळी रेल्वेच्या पासवर नागपूरला नाहीतर फार तर पचमढीला जात. गुणवंता बायकापोरांना घेऊन थेट देशाबाहेर जायचे. एकोणऐंशी साली ते गोरखपूरवरून लुंबिनीला गेले. एक्क्याऐंशीत काठमांडूला, तेही ट्रकमधल्या पोत्यांवर बसून, खाली दरी आणि वर ढग. ब्याऐंशीत भोपाळला चार खेपा घालून पासपोर्ट काढले आणि रामेश्वरमहून बोटीनं लंका गाठली. अनुराधपूरच्या वाटेवर हत्ती आडवा आला म्हणून बस दोन तास उभी होती. ही गोष्ट सांगून सांगून प्रेमलतानं शाळेत अर्धं वर्ष भाव खाल्ला होता.

प्रवासात गुणवंतांचा एकच नियम होता. गाडीत चढण्याआधी आणि उतरल्यावर ज्यानं त्यानं आपला आकडा म्हणायचा. बाबा एक, आई दोन. धाकटा अरविंद तीन, कारण त्याला शेवटचा आकडा नको होता. प्रेमलता थोरली, म्हणून तिनं समजुतीनं चार घेतला. अरू आपला आकडा टाचा उचलून, लांबवून म्हणायचा, ‘तीऽऽन’. शेवटची मोजणी पांढुर्ण्याच्या फलाटावर व्हायची आणि मग बाबा ठरलेलं वाक्य म्हणत, की पासवर चार नावं, चारच गेले, चारच आले.

लुंबिनीला मोजणी चुकली. दुपारची वेळ होती, दर्शन घेऊन चौघं बस गाठण्याआधी झाडाखाली बसली होती. एक, दोन, तीऽऽन, चार झालं, आणि मागून कोणीतरी सपाट आवाजात म्हणालं, ‘पाच’.

बाबा मनापासून हसले. अरूनं चावटपणा केला असं सगळ्यांना वाटलं. अरू म्हणाला, मी नाही. मागं फक्त उन्हात वाळणारं गवत होतं.

काठमांडूतही तो आकडा आला आणि लंकेतही. सरहद्द ओलांडली की यायचा, परतताना बंद व्हायचा. बाबांना त्याची गंमत वाटायची. एकदा तर त्यांनी चहाही पाच सांगितले. आई, देवकाबाई, रामाकोन्याच्या शेतकरी घरातली, कमी बोलणारी. तिला गंमत वाटली नाही. तो आवाज आला की ती पोरांचे दंड धरून एवढंच म्हणायची, “मागं पाहू नका. ओ देऊ नका.”

लंकेहून परतल्यावर पांढुर्ण्याच्या फलाटावर चार आकडे बरोबर भरले. पण अरूनं ‘तीन’ म्हटलं ते टाचा न उचलता. आई त्याच्याकडे पाहतच राहिली. त्याचा हात धरायला पुढं केलेला आपला हात तिनं मागं घेतला.

अकरा वर्षांचा अरू डावखुरा होता. डाव्या हातानं जेवतो म्हणून त्यानं आईचा पुष्कळ मार खाल्ला होता. त्या संध्याकाळी तो उजव्या हातानं जेवला, पुढंही तसाच. शाळेत पहिला येऊ लागला, उलट बोलणं बंद झालं. शेजारणी म्हणाल्या, देवकाबाई, पोरगं सोन्यासारखं निघालं. देवकाबाई ताट वाढून त्याच्यापुढं सरकवायची आणि चुलीकडे तोंड करून बसायची. त्या दिवसापासून तिनं त्याला नावानं हाक मारली नाही. सहा वर्षं!

प्रेमलता आता सौंसरच्या एका शाळेत गणित शिकवत होती. रोज पांढुर्ण्याहून बसनं जायची, बसनं यायची. तिचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पोरं वाढतात, सवयी बदलतात, यात कसलं आलंय गूढ? पण भाऊ ताटावर मान खाली घालून जेवताना पाहिला की ती आपलं ताट उचलून त्याच्याशेजारी जाऊन बसायची. आईचा तिला रागही येई. तिला एकच हवं होतं, आईनं अरूला एकदा नावानं हाक मारावी.

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात बाबा निवृत्त होणार होते. दिवाळीच्या सुट्टीत शेवटच्या पासवर पुन्हा लुंबिनीला जायचं ठरलं. आई नको म्हणाली. प्रेमलतानंच हट्ट धरला. तिथं जाऊ, मोजणी करू, चारच आकडे येतील, आणि आईच्या डोक्यातलं खूळ एकदाचं निघेल, असा तिचा हिशेब होता. आईनं दोन दिवस विचार केला आणि मग एकाएकी हो म्हणाली.

लुंबिनीत तेच झाड होतं. सकाळचे दहा वाजले असतील. भिक्खूंची एक रांग तळ्याकडे गेली आणि आवार रिकामं झालं. बाबांनी घसा खाकरून मोजणी सुरू केली.

“एक.”

“दोन.”

“तीन,” अरू म्हणाला. सपाट आवाजात.

“चार,” प्रेमलता म्हणाली आणि आईकडे पाहून हसली.

झाडामागून आवाज आला.

“पाऽऽच.”

अकरा वर्षांच्या पोराचा आवाज होता. लांबवलेला. टाचा उचलून म्हटल्यासारखा.

आवाजाच्या नकला कोणीही करतो, प्रेमलतानं स्वतःला बजावलं, इथं पोरं हिंडतच असतात. ती झाडाला वळसा घालून आली. मागं कोणी नव्हतं. परत आली तेव्हा आई गुडघ्यांवर बसली होती आणि स्वतःचाच नियम मोडून त्या झाडाकडे हात पसरत होती.

“अरू,” आई म्हणाली. “चाल बाबू घरी. लय दिवस झाले.”

सहा वर्षांनी तिच्या तोंडून ते नाव आलं, आणि ते शेजारी उभ्या असलेल्या अरूसाठी नव्हतं. बाबांनी तिला उठवलं, पाणी पाजलं, जागरणानं डोकं चढलं म्हणाले. अरू तिथून हलला नाही. त्याचा चेहरा कोरा होता.

परतीच्या गाडीत आई खिडकीपाशी बसली. तिचे डोळे मिटलेले, पण चेहरा कधी नव्हे इतका शांत. समोर बाबा पेंगत होते. अरू प्रेमलताजवळ सरकला आणि हळूच बोलला.

“आई त्याले घरी घेऊन चालली, ताई.”

“काही नाही. तिचं मन जाग्यावर नाही.”

“पासवर चारच नावं आहेत. मंग मी कुठं जाऊ?”

एवढा उंच पोरगा, पण बोलताना त्यानं तिच्या साडीचा पिवळा काठ मुठीत धरला. कोणी का असेना, सहा वर्षं याच्या वह्या प्रेमलतानं तपासल्या होत्या, तापात याच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. तिनं त्याचा हात धरला.

“तू कुठंच जात नाही. तशी वेळ आलीच त मी राहीन मागं. झालं?”

असं काही घडत नसतं याची खात्री होती म्हणून ती सहज बोलून गेली. अरूनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला. इटारसीपर्यंत तो त्या खांद्यावरच होता. त्याच्या अंगाला ऊब नव्हती, पण थंडीचे दिवस होते.

सकाळी आठच्या सुमारास गाडी पांढुर्ण्यात शिरली. खिडकीतून संत्र्यांचा वास आत आला. इथं गाडी दोनच मिनिटं थांबते. बाबा ट्रंक घेऊन उतरले, मागून आई. प्रेमलताची एक चप्पल बाकाखाली गेली होती. ती वाकली. चप्पल हाताला लागेपर्यंत अर्धं मिनिट गेलं असेल. उठली तेव्हा डब्यात अरू नव्हता.

बाहेर बाबांनी मोजणी सुरू केली होती.

“एक.”

“दोन.”

“तीऽऽन.”

ती दाराकडे धावली. फलाटावर अरू टाचा उचलून उभा होता. ट्रंक त्यानं डाव्या हातात घेतली होती. आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि ती रडत होती. आनंदानं रडत होती.

प्रेमलतालाही हसू फुटलं. आपला आकडा म्हणायला तिनं तोंड उघडलं.

“चार,” फलाटावर कोणीतरी म्हणालं.

आवाज तिचाच होता. फक्त सपाट. पेट्यांच्या चळतीशी एक मुलगी उभी होती, पाठमोरी, तिच्याच पिवळ्या काठाच्या साडीत.

“पासवर चार नावं,” बाबा समाधानानं म्हणाले. “चारच गेले, चारच आले.”

गाडीला धक्का बसला. प्रेमलतानं दाराचा दांडा धरला. पाय पायरीवर उतरेना. ती जीव खाऊन ओरडली, बाबा, मी चार, मी इथं आहे. पण तिच्या तोंडून एकच शब्द आला.

“पाच.”

बाबा हसले. लुंबिनीला पहिल्यांदा हसले होते तसेच, मनापासून.

आई हसली नाही. तिनं एका हातानं अरूचा दंड धरला, दुसऱ्यानं त्या मुलीचा.

“मागं पाहू नका,” ती म्हणाली. “ओ देऊ नका.”