दर्भाला पाणी कोण घालतं?

"हा पण गेला," बकुळनं जाहीर केलं आणि मातीत खुपसलेलं बोट धाकट्या भावाच्या, देवव्रतच्या शर्टाला पुसलं.

"ए! माझा शर्ट म्हणजे पोछा आहे का?"

"किती ओलं आहे बघ. मी पाणी घालून सहा दिवस झालेत!"

गंगेकाठच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या त्यांच्या घराची गच्ची सकाळी सातलाच तापायला लागली होती. मे महिना, शाळेला सुट्टी, लूचे गरम वारे सुटायच्या आत पतंग उडवून घ्यायची वेळ. आणि हे तिघं तीन गमल्यांपुढं, म्हणजे कुंड्यांपुढं, उकिडवे बसले होते. तिसरा सुशांत. त्याचे वडील रेल्वेत होते आणि दोन वर्षांपूर्वी अकोल्याहून बदलून आले होते. घर शेजारच्या गल्लीत असलं तरी सुशांतचा मुक्काम कायम याच गच्चीवर.

गमल्यांत दर्भ होता. नरहरआजोबा घाटावर यात्रेकरूंची श्राद्धकर्मं करत, आणि दर्भाशिवाय त्यांचं पान हलत नसे. बाजारातल्या जुडीत निम्मं भलतंच गवत निघतं म्हणून ते दरवर्षी पिठोरी अमावास्येला शहराबाहेरच्या एका ओसाड माळावर जाऊन दर्भ आणत. त्यांचे वडीलही तिथूनच आणायचे. यंदा त्या माळावर कॉलनी उभी राहायला लागली. बुलडोझर यायच्या आदल्या दिवशी आजोबांनी कुदळीनं तीन ठोंब खणून आणले. आता तिथं चौथा मिळणार नव्हता.

नाशिकला मुंजीला जाताना त्यांनी हे ठोंब बकुळच्या हवाली केले. "हे कोरड्या मुलखातलं गवत आहे, पोरी," ते म्हणाले होते. "भरपूर ऊन, रेताड माती आणि आठ दिवसांतून एकदा पाणी. लाड केलेस तर मरेल."

बकुळनं लाड केले नव्हते. पाणी घातलं की ती कोळशानं भिंतीवर एक रेघ ओढायची. महिन्यात तीनच रेघा झाल्या होत्या. तरी एक ठोंब गेला, आज दुसरा गेला, आणि तिसऱ्याची पाती हळदीसारखी पिवळी पडली होती. आजोबा शुक्रवारी येणार होते आणि आज सोमवार.

या सगळ्यावर कडी म्हणजे घरच्यांची बोलणी. गच्चीवर येणारं प्रत्येक माणूस पिवळी पाती बघायचं आणि खाली जाऊन सांगायचं, की बकुळ पाणी घालत नाही. बाबा तर काल चारचौघांत म्हणाले, "एक काम दिलं होतं तिला." बकुळला इतका राग आला होता की तिनं आमरस अर्धा टाकला होता. तो देवव्रतनं संपवला, ते वेगळं.

"बंदरांचं काम आहे," देवव्रत म्हणाला. "थंडीत तुळस त्यांनीच उखाडली होती."

"माकडं उपटतात रे. पाणी कशाला घालतील?" सुशांतनं चिमूटभर माती नाकाशी नेली. "आणि चंदन कधीपासून उगाळायला लागली?"

खरंच, मातीला चंदनाचा वास होता. काडीनं उकरल्यावर अक्षतांचे चार दाणे निघाले. गमल्याच्या काठावरून मुंग्यांची रांग चालली होती, म्हणजे काहीतरी गोड सांडलं होतं. मेलेला ठोंब सुशांतनं ओढला तर तो अलगद हातात आला. मुळं काळी पडून कुजली होती.

बकुळनं त्या रात्री जेवताना सरळच विचारलं, की दर्भाला पाणी कोण घालतं? बाबा म्हणाले, मी नाही. सुरुचीआत्या म्हणाली, मला कुठला वेळ! वेणीमाधवकाकांनी भात कालवता कालवता ऐकवलं, की तू घालत नाहीस हीच तर तक्रार आहे. बकुळनं ताटावर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच तिघं पाण्याच्या टाकीमागं दबा धरून बसले. आधी आत्या आली. देवपूजेचं ताम्हन तिच्या हातात होतं. तिनं दर्भाकडं पाहून च्‌ च्‌ केलं, ताम्हन रिकामं केलं आणि पुटपुटली, "बिचारा. पोरगी बघतच नाही."

मग काका आले. त्यांनी अभिषेकाचं पंचामृत ओतलं, वरून तांब्याभर गंगाजल घातलं आणि गमल्याला नमस्कारही केला. शेवटी बाबा. संध्येचं पाणी ओतून झाल्यावर पिवळी पाती त्यांच्या नजरेला पडली, तेव्हा ते नळाशी जाऊन आणखी एक तांब्या भरून घेऊन आले.

"मी आत्ताच जाते," बकुळ फणफणली.

सुशांतनं तिची वेणी धरून तिला खाली बसवलं. गौडबंगाल काय होतं ते आता तिघांनाही कळलं होतं. पूजेचं पाणी पायदळी येऊ नये म्हणून घरात ते तुळशीला घालत. माकडांनी तुळस उपटल्यावर नवी लावायचं कुणाला सुचलं नाही. मग जो तो मुकाट्यानं दर्भाला घालू लागला, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच घालतो.

"आत्ता सांगितलंस तर म्हणतील, फुलपात्रभर तर घातलं," सुशांत म्हणाला. "यांना दाखवावं लागेल."

दुपारी तिघं कामाला लागले. गमल्याची बुजलेली भोकं खिळ्यानं मोकळी केली. नावेतून पलीकडच्या काठावरून रेती आणली. तिसऱ्या ठोंबाची कुजकी मुळं कापून तो रेतीत लावला आणि गमला टाकीमागं, दिवसभर ऊन येतं तिथं ठेवला. जुन्या जागी त्यांनी एक बादली ठेवली, तिला पोत्याचं तरट गुंडाळलं, वर जाळी ठेवली आणि जाळीत मेलेला ठोंब खोचला. "ओळखतील," देवव्रत म्हणाला. पण मोठ्यांचं लक्ष देवाकडं असतं, गमल्याकडं कोण बघतो? तीन दिवस कुणालाही काही कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी आजोबा नाशिकहून उतरले, ते पिशवी ठेवून थेट दुर्गाघाटावर आंघोळीला गेले. तेवढ्यात बकुळनं सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. बाबांनी वाळका ठोंब पाहिला आणि सुरू झाले, "आता काय सांगणार आहेस आजोबांना?"

बकुळनं जाळी उचलली. बादली काठोकाठ भरली होती. वर फुलांच्या पाकळ्या तरंगत होत्या आणि आंबलेल्या दुधाचा असा दर्प आला, की आत्यानं पदर नाकाला लावला.

"हे तुमचं तीन दिवसांचं पाणी," बकुळ म्हणाली. "आणि महिनाभर बोलणी मला!"

"पाणी कुठं घातलं आम्ही?" काका दुखावल्या स्वरात म्हणाले. "तीर्थ होतं ते."

"काका, मुळांना काय कळतंय?"

आत्या म्हणाली, तिला वाटलं होतं ती एकटीच घालते. काका म्हणाले, त्यांनाही तसंच वाटलं होतं. बाबांनी भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा मोजल्या. मग म्हणाले, "चुकलं माझं, बकुळ. तुला विचारायला हवं होतं." हे ते सगळ्यांसमोर म्हणाले, म्हणून बकुळला जरा बरं वाटलं.

इतक्यात ओल्या पंच्यानं, हातात गंगाजलाचा तांब्या घेऊन आजोबा वर आले. सगळी हकिकत ऐकून आधी ते कपाळाला हात लावून बसले, मग पोट धरून हसले. टाकीमागच्या गमल्याशी जाऊन ते हळव्या आवाजात म्हणाले, "राहिला रे बाबा, एक तरी राहिला." आणि बोलता बोलता, चाळीस वर्षांच्या सवयीनं, त्यांनी तांब्या कलता केला.

"आजोबा!" बकुळनं झेप घेऊन तळहात ठोंबावर आडवा धरला आणि लगेच मागं घेतला. "आई गं!"

तळहातावर रक्ताचा बारीक ठिपका आला होता. पिवळ्या पात्यांच्या बुडाशी सुईसारखा हिरवा कोंब वर आला होता, कुणाच्याच ध्यानात न आलेला.

"टोचतोय," बकुळ हसत सुटली. "आजोबा, टोचतोय तो!"

आजोबांनी तांब्यातलं पाणी तिच्या तळहातावर धरलं. "मी सांगून गेलो आणि मीच विसरलो," ते म्हणाले. "पिठोरीला याला हात लावायचा नाही, यंदा वाढू दे. पुढल्या वर्षी पहिलं पातं तू काढायचंस." मग ते काकांकडं वळले. "आणि वेणीमाधव, तू आत्ताच्या आत्ता तुळस घेऊन ये."