झाकण लावून काढलेले फोटो

कॅमेरे तपासून कुठला बरा ते सांगणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे ताईने तिच्या स्टुडिओसाठी दोन कॅमेऱ्यांतला एक निवडायला बोलावलं, यात विशेष काही नव्हतं. ती तान्ह्या बाळांचे फोटो काढते. फ्लॅश चालत नाही, अंधुक उजेडावरच भागवावं लागतं, आणि अंधुक उजेडात प्रत्येक कॅमेरा फोटोवर थोडी वाळू सांडतो. तिला आम्ही नॉइज म्हणतो. नव्या खोलीत पहिला फोटो माझ्याच मुलीचा निघणार होता. बायको तिला मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसली होती.

मी दोन्ही कॅमेरे रिकाम्या पाळण्यासमोर शेजारी शेजारी ठेवले, दिवे मालवले, लेन्सवर झाकणं लावली आणि भराभर फोटो काढले. झाकणातून कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही, उरतो फक्त त्याचा स्वतःचा नॉइज. तो दर फोटोत वेगळा पडतो. सगळे फोटो एकावर एक रचले की तो पुसला जातो आणि निव्वळ काळं राहतं.

मी आणि ताई पलीकडच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसलो. पहिल्या कॅमेऱ्याचा नॉइज पुसला गेला. त्याच्याखाली पाळण्यावर वाकलेली एक बाई राहिली.

"झाकण होतं ना?" ताईने विचारलं.

"होतं. सेन्सर बिघडला असेल."

"मग दुसऱ्याचे बघ. एरवी ताकही फुंकून पितोस."

दुसऱ्यातही तीच बाई होती. फक्त किंचित बाजूने दिसत होती, दोन कॅमेऱ्यांत जेवढं अंतर होतं तेवढीच. बिघाड इतका बेतशीर नसतो. म्हणजे ती खोलीतच होती. एवढं मी शांतपणे ताडलं, सवयच आहे. मग मात्र बाहेर बाकावरची मुलगी आठवली.

"ताई... बाळाला आत न्यायचं नाही. हिला बाहेर जाऊन सांग."

ताई उठणार तोच बायको दारात आली. खांदा चोळत होती.

"निजली बाई एकदाची."

"कुठंय ती?"

"आत. दिवा नव्हता, मला धड दिसेना. पण ताईंनी हात पुढे केले, मग मी त्यांच्याकडे..."

तिचं लक्ष माझ्या शेजारच्या खुर्चीकडे गेलं. ताई तिथेच बसली होती.

भिंतीपलीकडून थोपटल्याचा आवाज येत होता, अगदी हलक्या हाताने.