पुरुषांच्या रांगेतली मोराग

इनिस केर माझ्या आयुष्यात आला तो थेट माझ्या उजव्या पायावर.

शनिवारची सकाळ, दहा वाजून पाच मिनिटं, किन्लारीच्या गावहॉलमध्ये वर्कशॉपचा पहिलाच नाच... आणि नाचाचे आमचे बूट म्हणजे नुसतं पातळ चामडं आणि नाडी. त्यावर एक धिप्पाड माणूस सगळ्या वजनानिशी उभा राहिला. बाहेर पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत होता, त्यामुळे माझी किंकाळी कुणाला ऐकू गेली नाही, हे त्याचं नशीब.

"सॉरी! अगदी सॉरी. फार लागलं का?"

"छे. चार बोटं आहेत अजून शिल्लक."

तो हसला. मी काही विनोद केला नव्हता.

"मोराग," स्टेजवरून आमच्या नाचशिक्षिका मिसेस बिनींनी आवाज दिला, "तो पाहुणा आहे गं, जरा सांभाळून घे त्याला. पुरुषांची बाजू तुझ्याइतकी कुणाला येते?"

हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या सकाळी तर तळपाय आधीच पेटलेला होता.

त्याचं असं आहे की मी पाच फूट अकरा इंच उंच आहे. आमच्या क्लबात बायका एकवीस आणि पुरुष सात, त्यातल्या दोघांचे गुडघे नुकतेच बदललेले. आमच्या नाचात बायका एका रांगेत आणि पुरुष समोरच्या रांगेत उभे राहतात, म्हणजे पुरुष कमी पडले की कुणातरी बाईनं पुरुष व्हायचं. सतराव्या वर्षी मी पहिल्यांदा क्लबात गेले तेव्हा मिसेस बिनींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि चौकड्यांचा एक पट्टा माझ्या खांद्यावरून तिरका घातला. पट्टेवाली बाई म्हणजे आजचा पुरुष. तो पट्टा गेली अकरा वर्षं माझ्या अंगावर आहे.

त्यात आमचा क्लब जुन्या वळणाचा. पुरुषांच्या बाजूनं नाचणाऱ्यानं जाऊन विचारायचं, हात पुढे करायचा, ही इथली रीत. म्हणून अकरा वर्षं मी विचारत आले आहे. आज्यांना, काकवांना, शेजारच्या गावाहून आलेल्या नवख्या मुलींना. मला कुणी विचारलेलं नाही. एकदाही नाही. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, कारण एवढ्या उंचीच्या बाईनं असलं काही बोललं की लोक हसतात.

पण आज रात्रीच्या जेवणाआधीच्या नाचासाठी मी समुद्री हिरव्या रंगाचा नवा ड्रेस आणला होता. मी मनाशी ठरवलं होतं की संध्याकाळी पट्टा नाही म्हणजे नाही. कुणीतरी मला विचारायचं. नाही विचारलं तर भिंतीला टेकून बसेन, पण आज मी पुरुष होणार नाही.

आणि दिवसाची सुरुवात झाली ती ही अशी.

"उजवा हात," मी इनिसला सांगितलं. "उजवा. हा... हा माझा, तो तुमचा."

"मला उजवा कुठला ते कळतं."

"मग लपवून का ठेवलाय?"

पुढचे दोन तास त्यानं माझ्या नाकी नऊ आणले. रांगेबाहेरून डावीकडे जायचं तर हा उजवीकडे. खाली यायचं तर हा वर. मी गुरांच्या दवाखान्यात काम करते, पण गाय लाथ मारण्याआधी निदान कान तरी हलवते. हा गोड हसत यायचा आणि धडकायचा. तीनदा आमचा अख्खा गट कोलमडला. आठ माणसांचा गट असतो, एक चुकला की उरलेले सात उघडे पडतात.

"ऐका," शेवटी मी त्याला खिडकीपाशी ओढलं. "आमच्यात एक नियम आहे. जो नाच येत नाही त्यात उभं राहायचं नाही. बाकीच्या सात जणांची संध्याकाळ नासते. कळलं?"

"कळलं."

"मग?"

"मला येतो हा नाच," तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "फक्त... बायकांच्या बाजूनं येतो."

मी त्याची बाही सोडली.

"आम्ही पाच भाऊ," तो म्हणाला. "मी धाकटा. आई तिच्या क्लबात नाचायची, घरी सराव करायला कुणी नाही. स्वयंपाकघरात टेबल बाजूला सारून ती मला शिकवायची. आणि ती उंच होती ना... अगदी तुमच्यासारखी. तिच्या क्लबात ती कायम पुरुष असायची. मग उरलेली बाजू माझी."

आता लक्षात आलं. हा माणूस चुकत नव्हताच. पाय सुरेख पडत होते त्याचे, टाच हलकी, उडी नेमकी... फक्त बाईच्या जागेवरची! हसावं की डोकं आपटावं तेच कळेना.

"आधी सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही ओरडत होतात. मध्ये बोलायला फट नव्हती."

दुपारी मिसेस बिनींनी संथ लयीतला नाच शिकवला. इनिसला शिकवायचं म्हणून मी त्याच्यासमोर बायकांच्या बाजूला उभी राहिले. 'ओढ्यावरची दिवेलागण' असं त्याचं नाव. या संथ नाचांत एक जाच असतो, जोडीदाराच्या डोळ्यांत बघावं लागतं. "नजर वर!" मिसेस बिनी ओरडत होत्या. "पायांकडे काय बघताय? पाय कुठे पळून जात नाहीत!"

इनिसनं नजर वर केली. माझ्याकडे बघायला त्याला दोनच बोटं वर बघावं लागलं. राखाडी डोळे, पापण्यांवर पावसाचा थेंब की घाम कोण जाणे. मी अकरा वर्षांत पहिल्यांदा मोजणी विसरले.

"सात," तो हळूच म्हणाला.

"काय सात?"

"आपण सातवर आहोत. तुम्ही थांबलात."

"मी थांबले नाही!"

"बरं. मग नाच थांबला असेल."

असला डोक्यात गेला तो माझ्या! हा नाच मात्र त्याला पुरुषांच्या बाजूनं थोडाफार बसला. चहाची सुट्टी झाली तशी मी दोन कप घेऊन वळले, तर हा गायब. सुट्टी संपेपर्यंत आला नाही. दुसरा कप मीच प्यायले, आणि तोही गार झालेला.

संध्याकाळी पाऊस थांबला. जूनमध्ये आमच्याकडे दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे हॉलच्या खिडक्यांतून सगळी टेकडी आत आल्यासारखी वाटत होती. फिडल आणि अकॉर्डियन वाजायला लागलं. मी हिरव्या ड्रेसमध्ये, केस मोकळे, भिंतीपाशी उभी राहिले.

पहिला नाच झाला. दुसरा झाला.

"मोराग! पट्टा विसरलीस का गं?" नव्या गुडघ्यांचा मिस्टर लॉरी येऊन म्हणाला. "थांब, मी आणून देतो."

"नको."

"अगं, त्रास कसला त्यात!"

तिसऱ्याला आणखी दोघांनी पट्ट्याचं विचारलं. चौथ्याला कुणीच काही विचारलं नाही, ते जास्त वाईट होतं. आणि इनिस केर? तो समोरच्या खिडकीत किल्ट, म्हणजे पुरुषांचा चौकड्यांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, घालून उभा होता आणि कार्यक्रमाचा कागद असा वाचत होता जसं काही कोर्टाचं समन्स आलंय. मधून मधून माझ्याकडे बघायचा. परत कागदात डोकं. पाय नाहीत का याला? सकाळी तर होते, माझ्या पायावर!

मग सातव्या नाचाचं नाव पुकारलं. 'ओढ्यावरची दिवेलागण.' गट भरू लागले आणि मिसेस बिनी धावत माझ्याकडे आल्या.

"मोराग, एकच माणूस कमी पडतंय. मिस विशार्टना जोडीदार नाही."

"नाही, मिसेस बिनी. आज नाही."

"अगं, एकच नाच."

मिस विशार्ट ऐंशीच्या पुढच्या. गटात शेवटच्या जागी उभ्या होत्या, समोरची जागा रिकामी, आणि तरी चेहऱ्यावर हसू. वाट बघताना मीही तेच हसू वापरते, म्हणून मला ते बरोबर ओळखू आलं. मग काय करणार? गेले मी. पट्टा घातला, वाकून नमस्कार केला आणि उभी राहिले.

तेवढ्यात दिसलं. हॉलच्या मधोमध इनिस होता. केस पाण्यानं चापून बसवलेले, कागद घडी करून खिशात, हात थोडासा पुढे केलेला. तो माझ्याच रोखानं येत होता. मला पट्ट्यात पाहून तो तिथेच थांबला, हात खाली घेतला, आणि अकॉर्डियननं सुरुवातीचा सूर धरला.

तो आठ मिनिटांचा नाच मला आठ तासांचा वाटला. मिस विशार्ट मात्र छान नाचल्या.

संपल्यावर मी पट्टा काढून मिसेस बिनींच्या हातात कोंबला आणि स्वयंपाकघरात गेले. तिथे अंड्याच्या सँडविचचे चार ट्रे झाकून ठेवलेले. मी एक उघडला आणि उभ्या उभ्याच खायला लागले.

"मोराग..." दारात तोच.

"सहा नाच!" मी तोंडात घास असतानाच सुरू झाले. "सहा नाच उभी होते मी तिथे! आधी विचारता येत नव्हतं तुला?"

"मला फक्त तो एकच येत होता."

"काय?"

"पुरुषांच्या बाजूनं. तूच म्हणालीस ना, येत नसेल तर उभं राहू नये. दुपारी मागच्या अंगणात सात खुर्च्या मांडून तोच घोकत होतो मी, पावसात. म्हटलं, सातव्याला विचारू. नीट विचारू, तुझे पाय न तुडवता." तो हसला, पण ते हसू काही टिकलं नाही. "तोच नेमका गेला."

म्हणजे माझा चहा गार झाला तेव्हा हा खुर्च्यांबरोबर नाचत होता! मी आणखी एक सँडविच तोंडात कोंबलं, पण डोळ्यांतून पाणी आलंच.

"रडतेयस?"

"अंड्यात मिरी जास्त झालीय."

"मोराग, तुला इतका राग का आलाय?"

आणि मी सांगून टाकलं. आईलाही सांगितलं नव्हतं ते. "मला कधीच कुणी विचारलेलं नाही, इनिस. अकरा वर्षांत एकदाही नाही. आज विचारावं असं वाटत होतं... आणि तू विचारावंस असं वाटत होतं. झालं समाधान?"

बाहेर पुढच्या नाचाचं नाव पुकारलं. हा जलद होता, अवघड होता, आणि इनिसला तो पुरुषांच्या बाजूनं येणं शक्यच नव्हतं. इनिसनं हात किल्टला पुसले आणि उजवा हात पुढे केला. पहिल्याच फटक्यात उजवा.

"माझ्याबरोबर नाचशील का?"

हे वाक्य मी शेकडो वेळा म्हटलं होतं. ऐकताना ते असं वाटतं हे मला माहीत नव्हतं. हातातलं सँडविच मी ट्रेमध्ये ठेवलं.

"तुला हा येत नाही," मी म्हटलं.

"नाही येत."

"आपण सगळा गट बुडवू."

"हो."

"चल," मी म्हटलं.

खऱ्या नाचात पहिल्यांदाच बायकांच्या रांगेत उभं राहिल्यावर हॉल उलटाच दिसला. नाच सुरू झाला. पहिल्या चालीत आम्ही एकमेकांना उजवा हात देऊन जागा बदलल्या, तो माझ्या रांगेत, मी त्याच्या. चार मोजून परत यायचं होतं. पण पुरुषांच्या जागेवर पोचल्याबरोबर माझ्या पायांना घरी आल्यासारखं वाटलं, आणि ते आपले पुढच्या चालीला लागले. अकरा वर्षांत माझे पाय कधी चुकले नव्हते. मी घाबरून समोर पाहिलं... तर इनिसही परतला नव्हता! तो त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात असल्यासारखा, बाईच्या वाटेनं सुरेख चालला होता.

आम्ही दोघंही चुकलो होतो, आणि दोन्ही चुका एकमेकींत नेमक्या बसल्या. जिथे हात हवा तिथे कुणाचा तरी हात होता. गट बुडाला नाही. मिस्टर लॉरी तेवढा ओरडला, "तुमच्यातला पुरुष कोण?" आणि इनिस त्याच्याभोवती गिरकी घेत म्हणाला, "तुमच्या सोयीनं ठरवा!" मी इतकी हसले की कुशीत कळ आली. शेवटी सवयीनं मी कमरेत वाकले आणि त्यानं किल्टची टोकं धरून बायकांसारखं गुडघ्यात लवून वंदन केलं. मिसेस बिनींनी कपाळावर हात मारून घेतला.

"आता शेवटचा वाल्ट्झ," स्टेजवरून आवाज आला.

आम्ही दोघं धापा टाकत उभे. त्याचा हात माझ्या हातातच राहिला होता, आणि सोडायचं कुणाच्या मनात नव्हतं.

"किती दिवस आहेस तू इथे?" मी शक्य तितक्या तुटकपणे विचारलं.

"नदीकाठच्या शेतांच्या दगडी भिंती पडल्यात, त्या बांधायला आलोय. ऑगस्टपर्यंत."

"आणि ऑगस्टनंतर?"

"चुन्याशिवायची भिंत असते ती," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "एकेक दगड जुळवत जावं लागतं. घाई केलेली चालत नाही." मग त्यानं आवाज खाली आणला. "तू मला आवडतेस, मोराग. सकाळी तू माझ्यावर खेकसलीस ना, तेव्हापासून. ऑगस्टपर्यंत रोज विचारीन तुला. नाच नसेल त्या दिवशीही विचारीन. आता एकदा विचारू?"

मलाही तो आवडला होता. सातव्या मोजणीला, की कदाचित त्याच्याही आधी, पाय दुखत असतानाच. पण अख्खा हॉल जोड्या लावून सरकायला लागला होता आणि हा अजून बोलतच होता!

"विचार ना मग," मी म्हटलं. "लवकर विचार. वाल्ट्झ सुरू झालाय."

त्यानं विचारलं, अगदी रीतसर, हात पुढे करून. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच मी हो म्हणून टाकलं.